क्लीव्हनची खुर्ची

गांजा विकला म्हणून माझा भाऊ थर्मन मिसूरीच्या तुरुंगात म्हातारा झाला. पुढे गांजा कायदेशीर झाला, कोर्टाने जुन्या शिक्षा पुन्हा तपासल्या आणि तो सुटला. त्याच्या कोठडीतला सोबती क्लीव्हन मात्र स्वतःच्या सुनावणीआधीच वारला.

घरी आल्यावर जेवताना थर्मनने शेजारची खुर्ची ओढली. "ताई, क्लीव्हनलाही वाढ."

"खुळा की काय? तो गेला ना!"

"गेला, पण सुटला कुठे? म्हणाला, मीही येतो."

मी त्या खुर्चीपुढे ताट मांडून मक्याचा पाव वाढला. पाणी आणायला आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा टेबलाकडून कुणीतरी खोकलं. थर्मन शांतपणे ग्लास भरत राहिला.

मागे न बघताच मी म्हणाले, "सावकाश जेव बाबा. इथे जेवण संपल्याची घंटा होत नाही."