लेकीच्या कानांचा सूड

माझी लेक सव्वा वर्षाची असताना चांगलं ऐकत होती. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढे पुष्कळ लोकांनी मला सांगायचा प्रयत्न केला की ती जन्मापासूनच तशी होती. तशी नव्हती. ती ‘बाबा’ म्हणायची, ‘दूदू’ म्हणायची, आणि कौलावर कावळा ओरडला की बोट वर करून ‘काऊ’ म्हणायची. यांच्या सायकलची घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजली की भिंतीला धरून दाराकडे निघायची.

आम्ही तेव्हा बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो. बैठी चाळ, दोन खोल्या, मागे भाताची खाचरं. हे अंबरनाथला एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. गावात डॉक्टर मोजकेच, आणि त्यातला स्टेशनजवळचा एक आमचा नेहमीचा. त्याच्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून आलेल्या बायकांची रांग लागायची. पोरं कडेवर, डोक्यावर भाजीची पाटी तशीच. त्या डॉक्टरला मी इथे अहोजाहो करणार नाही. तोंडावर खूप वर्षं केलं, तेवढं पुरे.

त्या पावसाळ्याच्या शेवटी लेकीला जुलाब लागले आणि ताप आला. मी तिला त्याच्याकडे नेलं. त्याने पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाला, “साध्या औषधाने भागायचं नाही. जेंटामायसिन देतो. स्ट्राँग आहे. सकाळ-संध्याकाळ आणा.”

सकाळ-संध्याकाळ मी तिला घेऊन चिखलातून जायची. दवाखान्याची पायरी दिसली की ती माझ्या मानेला घट्ट मिठी मारायची. चार-पाच दिवसांत जुलाब थांबले, तापही उतरला. मी विचारलं, “आता बंद करायची का सुई?”

“कोर्स चालू आहे अजून,” तो म्हणाला. “तुम्ही तिला कडेवर घेऊन यायचं काम करा. बाकीचं मी बघतो.”

मी त्याचं ऐकलं. न ऐकण्यासारखं तेव्हा काही ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीत समोरच्या पोरांनी दाराशी लक्ष्मी बॉम्ब लावला. माझी लेक पायरीवर बसून चकली चघळत होती. चाळीतल्या सगळ्या बाळांनी भोकाड पसरलं, हिने मान वळवली नाही. शेजारीण कौतुकाने म्हणाली, “किती धीट आहे गं तुझी पोर.” मलाही क्षणभर बरं वाटलं. मग संध्याकाळी यांची सायकल आली, घंटी वाजली, आणि ती भातुकलीतलं पातेलं घासत तशीच बसून राहिली.

शब्दही गेले. आधी ‘काऊ’ गेला, मग ‘दूदू’. ‘बाबा’ सगळ्यात शेवटपर्यंत टिकला, पण तो शेवटी शेवटी नुसता ओठ मिटून उघडल्यासारखा यायचा.

मी पुन्हा डॉक्टरकडे गेले. त्याने लेकीच्या चेहऱ्यासमोर टाळी वाजवली. तिने डोळे मिचकावले. “बघा, ऐकतेय,” तो म्हणाला. मी म्हटलं, “डॉक्टर, तिच्या मागून वाजवून बघा ना.” तो हसला. “उशिरा बोलतात काही मुलं. तुम्हीच घरात बोलत नसाल तिच्याशी.” त्यावर मी दिवसभर तिच्याशी बोलत राहायची. स्वयंपाक करताना, धुणं धुताना, घसा बसेपर्यंत. ती माझ्या तोंडाकडे बघून हसायची. दोन वर्षं त्याने मला असं फिरवलं. कधी टॉनिक, कधी जिभेखालची शीर, कधी “शाळेत घातली की सुटेल जीभ.”

शेवटी यांच्या कंपनीतल्या एका साहेबांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ओळख काढून दिली. तिथे बंद खोलीत लेकीच्या कानांची तपासणी झाली. कानाच्या डॉक्टरीण बाई वयस्कर होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, “लहानपणी काही मोठं आजारपण? इंजेक्शनं कुठली?” मी नाव सांगितलं. त्याने ते इतक्या ऐटीत सांगितलं होतं की माझ्या लक्षातच राहिलं होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “या औषधाने कानाच्या नसा जाऊ शकतात. तुमच्या मुलीचं त्यानेच झालं अशी शपथ मी घेणार नाही. पण ती आधी ऐकत होती, बोलत होती म्हणता, तर मला दुसरं कारण दिसत नाही. साध्या जुलाबाला हे द्यायची गरज नव्हती.”

“परत येईल का ऐकू?” यांनी विचारलं.

“नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला घेऊन एकटीच दवाखान्यात गेले. बाजाराचा दिवस होता, बाकं भरली होती. मी आडपडदा न ठेवता सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, मुंबईच्या बाई काय म्हणाल्या ते.

त्याने स्टेथोस्कोप गळ्यातून काढला, टेबलावर ठेवला. “तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही.”

“मग मला शिकवू नका. तुमच्या घराण्यात कोणी बहिरं असेल. सासरी विचारा, नाहीतर माहेरी.” आणि बाकावरच्या लोकांकडे बघून म्हणाला, “पोर जगली ते नाही बघत.” दोघंतिघं हसले.

त्याने त्या दिवशी एकदा मान खाली घातली असती, “माझ्या हातून झालं असेल” एवढं म्हटलं असतं, तर मी घरी जाऊन रडले असते आणि गप्प बसले असते. मला माझा स्वभाव माहीत आहे. पण तो हसला आणि त्याने दुसऱ्यांनाही हसवलं. त्या पायरीवरून उतरतानाच मी ठरवलं की याच्या बाकावर माणूस बसू द्यायचा नाही.

आधी लेकीचं बघायला हवं होतं. कल्याणला कर्णबधिर मुलांची शाळा होती, तिथे तिला घातलं. कानाचं मशीन मिळालं. छातीवर पट्ट्याने बांधायची डबी आणि तिच्यातून दोन्ही कानांकडे गेलेल्या वायरी. त्या वायरी तुटायच्या, मग उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे जायचं. तो “ठीक हो जायेगा भाभी, बैठो” म्हणत रेडिओ बाजूला सारून आधी आमचं काम करायचा. शाळेतल्या बाई शिकवायच्या आणि मी घरी आरशासमोर तेच घ्यायची. ‘प’ म्हणताना मेणबत्तीची ज्योत हलली पाहिजे. ‘म’ म्हणताना नाकाला हात लावून कंप कळला पाहिजे. ‘बाबा’ पुन्हा यायला तिला फार दिवस लागले. आला तेव्हा तो जाडसर, घोगरा आला, आणि हे मोरीत जाऊन तोंड धूत राहिले.

मशीनमधून तिला ढोल ऐकू यायचा, दार आपटलेलं कळायचं. माझं बोलणं ती ओठांवरूनच वाचायची.

शाळेतल्या बाईंनी मला आणखी एक शिकवलं. बाळ कधी आवाजाने दचकतं, कधी मान वळवतं, कधी ‘बाबाबाबा’ करायला लागतं आणि केलं नाही तर काय करायचं. मी ते पाठ करून घेतलं. मग गावात कुणाकडे बारसं असलं की मी स्टीलची वाटी आणि चमचा पिशवीत घेऊन जायची. ओटी भरून झाली की बाळाच्या पाठीमागे बसून वाटी वाजवायची. सुरुवातीला सासवा चिडल्या, हे काय अशुभ म्हणाल्या. मी लेकीला पुढे करायची. “हिच्यासारखं होऊ नये म्हणून बघते. हिला सुया मारून बहिरी केली.” कुणी मारल्या हे कुणीतरी विचारायचंच. मी सांगायची.

बाजाराच्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायची. कंपाउंडरने हाकललं तेव्हा रस्त्यापलीकडे भाजीवाल्यांच्या शेजारी बसायला लागले. रस्ता काही त्याच्या बापाचा नव्हता. पाड्यावरची बाई पोर घेऊन आली की मी तिला हाक मारायची.

“काय झालंय लेकराला?”

“ताप हाय बाय. सुई मारून आनतो.”

“सुई नको मारू. सरकारी दवाखान्यात ने. कुठली सुई देतो ते विचार, आणि सांगितलं नाही तर उठून ये.”

“सुई नाय मारली तं ताप कसा उतरंल?”

मग मी लेकीला तिच्याकडे पाठ करून उभी करायची आणि म्हणायची, “हिला हाक मार.” बाई हाक मारायची. एकदा, दोनदा. मग स्वतःच्या पोराला छातीशी धरायची आणि निघायची. त्या बायका डोंगरात राहायच्या, बातमी पाड्यावर पोचायला वेळ लागायचा, पण एकदा पोचली की पुसली जायची नाही.

दोन-तीन वर्षांत बाजाराच्या दिवशीही त्याची बाकं अर्धी रिकामी दिसायला लागली. लोक मला म्हणायचे, वहिनी, मोठी समाजसेवा करता. मी मान हलवायची. रिकामं बाक मोजताना मला जो आनंद व्हायचा त्याला समाजसेवा म्हणत नाहीत.

लेक आठ वर्षांची असेल, तेव्हा एका दुपारी तो आमच्या दारात आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पण चेहरा उतरलेला. हे घरीच होते. त्यांनी खुर्ची दिली.

“वहिनी, पुरे करा आता,” तो म्हणाला. “माझी प्रॅक्टिस बसली. मलाही मुलगा आहे, त्याचं शिक्षण आहे. झालं ते झालं.”

“काय झालं?” मी विचारलं.

त्याने शर्टाची बाही सारखी केली.

आतल्या खोलीत लेक आमच्याकडे पाठ करून घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. तिचं मशीन उल्हासनगरला दुरुस्तीला होतं. मी म्हटलं, “ती बसलीय बघा. तिला हाक मारा. तिने मागे वळून बघितलं तर उद्यापासून मी घराबाहेर पडणार नाही.”

हे म्हणाले, “अगं, जाऊ दे.”

“मारा हाक,” मी म्हटलं.

त्याने बाळ म्हणून हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग काय झालं कुणास ठाऊक, तो उभा राहिला आणि ओरडलाच. शेजारच्या बायका दारात आल्या. लेक शेंग मोडत होती, मोडलेली टोपलीत टाकत होती. तो तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा त्याचा आवाज फाटला. मी त्याच्याकडे बघत होते, आणि माझं पोट भरल्यासारखं झालं.

तो गेला. हे त्या रात्री जेवले नाहीत. “माणूस दारात आला होता,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, “आपली पोरही त्याच्या दारात गेली होती.”

लेक मोठी झाली तशी नवी दुखणी आली. बारावं लागलं तेव्हा पाळीचं सांगायची वेळ आली. या गोष्टी आया कानात कुजबुजून सांगतात. मी कुठल्या कानात सांगणार? खुणा केल्या तर ती घाबरली, मोठ्याने बोलून काय उपयोग, आणि चाळीत भिंती कागदाच्या. शेवटी मागच्या पडवीत बसून पाटीवर चित्रं काढली, पुसली, पुन्हा काढली. कळल्यावर ती हसली आणि माझ्या हातातली पाटी घेऊन तिने त्या बाईच्या चित्राला दोन वेण्या काढल्या. मी मात्र पाटी धुताना त्याला मनातून शिव्या दिल्या. तिच्या प्रत्येक वयाला मी त्याला नव्याने शिव्या दिल्या आहेत.

तेराव्या वर्षी तिने मशीनची डबी ओढणीखाली लपवायला सुरुवात केली. एका बाजाराच्या दिवशी मी तिला चल म्हटलं तर ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

“मी नाही येणार,” तिच्या त्या जाड आवाजात ती म्हणाली. “तू मला दाखवते. मी काय बाहुली?”

“त्याने तुझं काय केलं ते लोकांना कळायला नको?”

“माझं आहे ना? मग मी सांगेन. नाही वाटलं तर नाही सांगणार.”

त्यानंतर मी तिला कधी नेलं नाही. मी एकटी जात राहिले.

नव्वदीची मधली वर्षं असतील. एका सकाळी दाराशी रिक्षा थांबली आणि एक तरुण मुलगी तान्हं बाळ घेऊन उतरली. पदर डोक्यावर ओढलेला. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, “मी डॉक्टरांची सून.” मग खाली बघत म्हणाली, “बाळाला खोकला आहे, ताप आहे. मामंजी म्हणतात इंजेक्शन देतो. मला तुमच्याबद्दल माहेरी असतानाच कळलं होतं. कुठे नेऊ?”

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. अंबरनाथ पूर्वेला एक चांगले बालरोगतज्ज्ञ होते, त्यांचा पत्ता सांगितला. बाळाच्या मागे बसून वाटी वाजवली. त्याने मान वळवून टुकुटुकू बघितलं. गोड बाळ होतं. मी त्याची दृष्ट काढली, मनापासून काढली. आणि सून रिक्षात बसल्यावर तिला म्हटलं, “मामंजींनी विचारलं तर लपवू नकोस. माझ्याकडे आली होतीस असं सांग.”

तिने सांगितलं. चार दिवसांनी गावभर झालं होतं की डॉक्टरच्या नातवाला डॉक्टरचं औषध देत नाहीत. मला त्यानंतर रस्त्यावर बसायची गरज पडली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने दवाखाना बंद केला आणि मुलाने पुण्याला बिऱ्हाड हलवलं होतं, तिकडे राहायला गेला. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी समोर उभी होते. त्याने मला पाहिलं. मी नजर हलवली नाही, त्याने हलवली. लेक तेव्हा शिवणकामाच्या क्लासवरून परत येत होती. ती माझ्याजवळ थांबली, टेम्पोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझा हात ओढत म्हणाली, “चल, भूक लागली.”

“थांब जरा,” मी म्हटलं.

ती थांबली नाही, पुढे गेली. टेम्पो रेल्वे फाटकापलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहिले, आणि मला फार बरं वाटलं. अजूनही आठवलं की वाटतं.