दारू न पिणाऱ्या मामांचे पाच पब

न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या गावातल्या पबांविषयी साऱ्या जगात सर्वांत जास्त माहिती ज्या माणसाला आहे, त्याने आयुष्यात दारूचा थेंबही चाखलेला नाही, आणि तो माणूस माझ्या बायकोचा मामा आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. त्या गावात जन्मून त्याच गावात म्हातारे झालेले लोकसुद्धा जुन्या गोष्टींवरून वाद झाला की "मामाला विचारा" म्हणून मोकळे होतात. होय, ते लोकही त्यांना मामाच म्हणतात. माझ्या बायकोने पहिल्याच भेटीत पबच्या दारातून "मामा!" अशी खणखणीत हाक मारली आणि ते त्यांचं नावच आहे असा सगळ्यांचा समज झाला. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आई असा होतो, तेव्हा या गृहस्थांचं असं नाव कसं, ही शंका कुणाला तरी यायला आठवडा लागला. तोवर उशीर झाला होता. गमबूट घातलेले, दारासारखे रुंद गवळी आमच्या पाच फूट तीन इंच मामांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारून "गुड ऑन या, मामा!" म्हणतात, आणि मामा मफलर सावरत "थँक यू, जंटलमन" म्हणतात.

मामा साताऱ्याला मोजणी खात्यात होते. उभा जन्म साखळ्या ओढण्यात, बांधावरची भांडणं ऐकण्यात आणि नकाशे काढण्यात गेला. मामी गेल्यावर त्यांच्या मुलीने त्यांना इकडे आणलं. ती त्या गावच्या दवाखान्यात नर्स आहे आणि तिचा नवरा जवळच्या दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनियर. आम्ही राहतो पलीकडच्या किनाऱ्याला, रिकार्टनला. इकडच्या आल्प्सचा घाट ओलांडून तिकडे पोचायला तीन तास लागतात. गाव म्हणजे एक रस्ता, एक डेअरी, म्हणजे इकडच्या भाषेत कोपऱ्यावरचं किराणा दुकान, एक चिप्सवाला आणि एक पब. बाकी सगळा पाऊस. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर, टीव्हीवर रग्बी, आणि रग्बीत मामांना एकच गोष्ट कळायची, ती म्हणजे मैदानाची लांबी-रुंदी.

तिसऱ्या दिवशी मामा पबमध्ये गेले, ते वाचनालय समजून. त्यांची चूक नव्हती. खिडकीतून आत शेकोटी दिसत होती, खुर्च्यांवर चार म्हातारी माणसं गप्प बसली होती आणि भिंतीवर जुने फोटो होते. मामांनी काउंटरवर जाऊन वर्तमानपत्र मागितलं. पबवाल्या बाईंनी दिलं. मामा तासभर बसले, घडी घालून पेपर परत केला आणि घरी आले. "फार शिस्तीचं वाचनालय आहे," ते मुलीला म्हणाले, "फक्त सरबताचा वास जरा उग्र येतो."

खरा प्रकार कळल्यावर दुसरा कुणी असता तर पुन्हा त्या रस्त्याने गेला नसता. मामा दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला हजर. पबवाल्या बाईंनी त्यांच्यापुढे जिंजर बिअर ठेवली. मामांनी ती 'बिअर' या शब्दाखातर दोन बोटांनी दूर सरकवली. हे नुसतं आल्याचं सरबत आहे, असं त्या शपथेवर सांगत होत्या. मामांनी बाटली मागवली, चष्मा बदलून लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग एक घोट घेतला आणि म्हणाले, "नाव बदला. चांगल्या वस्तूची उगाच बदनामी होते."

त्या शेकोटीपाशी मामांना कळलं की या गावात एके काळी पाच पब होते. सोनं सापडायचं तेव्हाची गोष्ट. सोनं संपलं, माणसं गेली, एक पब पुरात गेला, एक जळाला, दोन आपोआप कोसळले. राहिला तो हा पाचवा. ते होते कुठे, असं मामांनी विचारलं, तर चार म्हाताऱ्यांनी चार दिशांना बोटं दाखवली. मोजणी खात्यातल्या माणसाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. मामांनी डेअरीतून एक लांबट वही आणली आणि कामाला लागले.

पुढची तीन वर्षं त्या गावातली एकही वृद्ध व्यक्ती मामांच्या तावडीतून सुटली नाही. पायात मोजे, मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, डोक्यावर माकडटोपी अशा वेषात ते भर पावसात कुणाच्याही दारात उभे राहत आणि म्हणत, "काइंडली टेल मी अबाउट द सेकंड पब." लोक आधी चक्रावले आणि मग बोलू लागले. सहा वाजता पब बंद करायचा कायदा होता तेव्हा पाच ते सहा या वेळात खाणीतले लोक कसे प्यायचे, आणि सहानंतर पोलिस स्वतःच मागच्या दाराने कसा यायचा. पुरात चौथ्या पबचा पियानो आठ जणांनी खांद्यावर घेऊन टेकडीवर कसा नेला, आणि एक जण वाटेत तो वाजवत कसा होता. मामांचा नियम कडक. दोन माणसांनी वेगवेगळं बसून तीच गोष्ट सांगितली तरच ती शाईने लिहायची, तोवर पेन्सिलीने. पियानो शाईत आहे. पहिल्या पबमध्ये शिरून बादलीभर बिअर पिणारा घोडा अजून पेन्सिलीत आहे. "एकच साक्षीदार आहे," मामा मला म्हणाले होते, "आणि जावईबापू, तो स्वतःच घोड्याचा मालक."

याच पबमध्ये दर शुक्रवारी मांसाची सोडत असते. तिकीट काढायचं, नंबर लागला तर मटण, सॉसेज वगैरेंनी भरलेलं ताट घरी न्यायचं. मामा मंडळीत राहायचं म्हणून तिकीट काढत. एका शुक्रवारी त्यांचाच नंबर लागला. जन्मात अंडं न खाल्लेला माणूस दोन्ही हात लांब करून ते ताट घेऊन उभा, आणि सारा पब टाळ्या वाजवतोय! मामांनी खोलीभर नजर फिरवली आणि ते ताट कोपऱ्यात बसलेल्या डोरीनबाईंपुढे नेऊन ठेवलं.

डोरीनबाई नव्वदीच्या. एकट्या राहायच्या, चाकांचा वॉकर ढकलत यायच्या, शेरीचा एक पेला घेऊन कोपऱ्यात बसायच्या. त्यांच्याशी लोक मोठ्याने आणि सावकाश बोलायचे, जसं लहान मुलांशी बोलतात तसं. कारण बाई विसरायला लागल्या होत्या. एकदा किटली फ्रिजमध्ये सापडली होती. शहरात राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. बाईंना जायचं नव्हतं, पण आपली बुद्धी शाबूत आहे हे सिद्ध कसं करायचं?

त्याच सुमारास गावच्या इतिहास समितीने पाचही पबांच्या जागी पाट्या लावायचं ठरवलं. चार जागा मामांच्या वहीवरून पक्क्या झाल्या. अडला तो तिसरा, जळालेला. त्या आगीनंतर रस्ताही बदलला होता. समितीचं म्हणणं, तो आताच्या पेट्रोल पंपापाशी होता. सभेत डोरीनबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या.

"साफ चूक," त्या म्हणाल्या. "शाळेच्या फाटकापासून पबच्या दारापर्यंत ओढ्याकडे सरळ चारशे बारा पावलं. आमचं घर शाळेला लागून होतं. टी तयार झाला की मम मला डॅडला बोलवायला पाठवायची." टी म्हणजे इकडे संध्याकाळचं जेवण. "वाटेत अंगावर धावून येणारी गीझ बदकं असायची. मी घाबरायचे, म्हणून मोठमोठ्याने पावलं मोजत जायचे."

समितीचे अध्यक्ष कसनुसं हसले. "डोरीन, डिअर, मागे तू सांगितलंस तेव्हा मी स्वतः चारशे बारा पावलं चाललो होतो. ओढ्यात पोचलो."

सभा हसली. बाई खाली बसल्या. भाचाही आला होता. त्याने बाजूच्या माणसाकडे पाहून हळूच मान हलवली. मी त्या दिवशी मामांच्या शेजारी होतो. मामा हसले नाहीत. ते बाईंच्या पायांकडे बघत होते.

"मिस्टर चेअरमन," मामा उभे राहिले, "पावलं मोजलीत, पण कुणाची? तुमचं पाऊल अडीच फुटांचं. त्या वेळी या किती वर्षांच्या होत्या?"

"सहा," डोरीनबाई म्हणाल्या.

मामांनी खिशातून टेप काढला. हा टेप ते लग्नकार्यालाही बरोबर नेतात. त्यांनी बाईंना खोलीत चार पावलं चालायला लावलं आणि स्वतः गुडघे टेकून मोजली. मग वर बघून म्हणाले, "मॅडम, दीड फूट. युअर स्टेप इज अगेन सिक्स इयर्स ओल्ड."

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की त्यांना वॉकरच्या आसनावर बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, बारीक पावसात, शाळेच्या फाटकापासून बाई निघाल्या. शाळा कधीच बंद झाली आहे. फाटकाचे दोन खांब तेवढे उभे आहेत. बाजूला मामा छत्री धरून, मागे निम्मं गाव. बाई स्वतः मोठ्याने मोजत होत्या. शंभरला थांबल्या, पाणी प्यायल्या. दोनशेला रस्ता संपला आणि गवत लागलं, तेव्हा दोन गवळ्यांनी वॉकर बाईंसकट उचलायची तयारी दाखवली. "हात लावायचा नाही!" मामा ओरडले. "माप बिघडेल!" मी मामांना तेवीस वर्षं ओळखतो, त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. मग गवळ्यांनी गवत तुडवून वाट केली आणि बाई पाऊल पाऊल पुढे गेल्या. तीनशेच्या पुढे पावसाचा आणि त्या म्हाताऱ्या आवाजातल्या आकड्यांचा, एवढाच काय तो आवाज.

चारशे बारा. बाई थांबल्या. समोर नुसतं कुरण, पलीकडे ओढा. कुठे काही नाही. अध्यक्षांनी घसा खाकरला.

मामांनी पहार मागितली. बाईंच्या पायांपुढे जमिनीत खुपसली, मऊ माती. एक हात पुढे सरकवली, मऊ माती. डावीकडे घेतली, आणि टक् आवाज झाला. चार माणसांनी फावडी घेतली. हातभर खाली एक लांब दगडी पायरी निघाली, मधोमध झिजलेली, आणि तिच्या मागे काळ्या पडलेल्या विटा.

लोक ओरडायच्या बेतात होते, पण डोरीनबाई वॉकर सोडून एक पाऊल पुढे गेल्या. मामांनी त्यांचा कोपर धरला. बाई त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि समोरच्या मोकळ्या हवेला, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "डॅड, टी इज रेडी."

मी फोटो काढायला फोन वर धरला होता. तो तसाच खाली घेतला. अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली. गर्दीतून भाचा पुढे आला आणि मावशीला छत्रीत घेऊन कितीतरी वेळ उभा राहिला. वृद्धाश्रमातल्या खोलीचा विषय त्याने नंतर कधी काढला नाही. दर पंधरवड्याला स्वतः येऊ लागला. बाई आणखी दोन हिवाळे आपल्या घरात, आपल्या चुलीशेजारी राहिल्या आणि एका सकाळी झोपेतच गेल्या. किटली अधूनमधून फ्रिजमध्ये सापडायची, पण तिच्याबद्दल कुणी काही म्हणेना.

त्या पायरीच्या दिवशी, परतीच्या वाटेवर घाटात मी बायकोला म्हणालो होतो, "तुझ्या मामांनी आज काय केलं, कळतंय का तुला?" "त्यांनी फक्त तिचं ऐकलं," ती म्हणाली. मला वाटतं, तसं ऐकण्याइतकं अवघड काम माझ्या हातून अजून एकदाही झालेलं नाही.

गेल्या शरदात तो पाचवा पबही बंद झाला. पबवाल्या बाई थकल्या, घ्यायला कुणी पुढे आलं नाही. शेकोटीपाशी बसणाऱ्या चौघांतले दोघे आता नाहीत. आम्ही मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मामा घरी नव्हते. शोधत गेलो, तर बंद पबच्या व्हरांड्यात बाकावर ते आणि उरलेले दोघे ओळीने बसले होते. दाराला कुलूप होतं. मामांनी चहाचा थर्मास आणला होता. तिघांच्या हातात कागदी पेले होते.

तेवढ्यात एक भाड्याची गाडी थांबली. तरुण जोडपं होतं, प्रवासी. मुलीने काच खाली करून विचारलं, इथे जवळपास एखादा पब आहे का?

मामा उठले. हात पाठीशी बांधून व्हरांड्याच्या कडेला आले, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "इन अवर व्हिलेज, देअर वेअर फाइव्ह."

अवर व्हिलेज. सातारचा माणूस. मी गाडीपाशीच थांबलो. ते जोडपं खाली उतरलं होतं, मामा बोलत होते, आणि बाकावरचे दोघे म्हातारे, ज्यांचा जन्म त्याच रस्त्यावर झाला होता, नव्याने ऐकत असल्यासारखे पुढे झुकून ऐकत होते.