एस्तोय कसा दादा

मुलगी एका सेमिस्टरसाठी स्पेनला शिकायला गेली आणि आमच्या कॅनडातल्या, मार्कहॅमच्या घरात तिची खोली माझ्या संशयाने भाड्याने घेतली.

तिच्या जाण्याला माझा विरोध होता, हे आमच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच ते सांगत फिरलो. "इथलं युनिव्हर्सिटी कॅम्पस बसने जाण्यासारखं आहे," मी म्हणालो होतो. "बाबा, दॅट्स एक्झॅक्टली व्हाय," ती म्हणाली आणि गेली.

सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर सगळं दिसायचं. एका आजीबाईंकडे तिने खोली घेतली होती. त्यांचं स्वयंपाकघर, बाल्कनीतला वाळत घातलेला टॉवेल, कॉलेजला जायचा दगडी रस्ता. मग हळूहळू कॅमेरा बंद. "वायफाय वीक आहे, बाबा." हे वायफाय फार हुशार होतं. त्यातून चर्चच्या घंटा यायच्या, खालच्या रस्त्यावरची स्कूटर यायची, आजीबाईंच्या कढईत पडलेलं तेलसुद्धा ऐकू यायचं. फक्त पोरीचा चेहरा तेवढा येत नव्हता.

"काहीतरी लपवतेय," मी बायकोला म्हणालो.

"अहो, तुम्हाला शेजाऱ्याने आपल्या दारातला स्नो शोव्हल करून दिला तरी संशय येतो."

"आलाच होता. तो का करेल फुकट?"

एका रविवारी कॉल चालू असताना तिकडे आजीबाईंनी काहीतरी विचारलं. मुलीने फोन बाजूला धरला आणि खालच्या आवाजात उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. खालच्या आवाजात! मी कान टवकारले. स्पॅनिशचं मला एक अक्षर येत नाही, पण परकी भाषा लक्षात ठेवायची माझी एक पद्धत आहे. शब्दाला मराठी कपडे घालायचे. ती म्हणाली होती, "एस्तोय कसा दादा." जणू आजीबाईंना नाही, एखाद्या थोरल्या भावालाच विचारतेय: कसा आहेस, दादा? मी ते घोकत झोपलो.

शेजारच्या वॉन शहरात आमच्या वेअरहाउसच्या ऑफिसात डिस्पॅच बघणारी एक कोलंबियाची बाई आहे. सोमवारी कॉफी घेताना मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, "एस्तोय कसा दादा म्हणजे काय?"

"कासादा? मॅरीड. म्हणजे एखादी बाई सांगतेय की माझं लग्न झालंय. कोण म्हणालं?"

"माझी मुलगी."

"ओ! काँग्रॅच्युलेशन्स!" तिने मला मिठीच मारली. आणि मी थँक यू म्हणालो. काय करणार, इतक्या वर्षांची सवय.

घरी येताना हायवेवर मी माझा एक्झिट चुकलो आणि त्याच्या पुढचाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती आधी खूप हसली. "साधे मोजे घेतले तरी ती मला फोटो पाठवते. लग्न करेल आणि सांगणार नाही?" मग तिचं हसू ओसरलं. "कॅमेरा बंद ठेवते हे मात्र खरं हं."

जेवण बाजूला राहिलं. आम्ही दोघांनी फोनवरचे तिचे सगळे फोटो बोटांनी ताणताणून पाहिले. अंगठी शोधत होतो. एका फोटोत गोल काहीतरी दिसलं, पण ते बोटात नव्हतं, चिमटीत धरलेलं होतं. तळलेलं. माशासारखं काहीतरी असावं असं मला वाटलं.

"कांदा आहे तो," घरात अंडंही न शिजवणारी बायको ठासून म्हणाली आणि पुढचा फोटो काढला.

शनिवारी फोनवर कॉल लागला. कॅमेरा बंदच. आडून आडून विचारायचं असं आमचं ठरलं होतं.

"घरात आजीबाई आणि तू, दोघीच ना?" मी.

"हो."

"येणंजाणं असतं का कुणाचं? म्हणजे... सासरचं वगैरे?"

"कुणाच्या सासरचं? बाबा, आर यू ओके?"

बायकोने मला कोपर मारलं. मी आडून बोलणं सोडलं. "एस्तोय कसा दादा म्हणजे काय, ते सांग आधी."

तिकडे असं हसू फुटलं की स्पीकर फाटायला आला. "कसा दादा! ओ माय गॉड, आई, ऐकलंस का? बाबा, मध्ये 'न' आहे. कान्सादा! टायर्ड! आय ॲम टायर्ड!"

आम्ही दोघंही हसलो. माझ्या छातीवरचा दगड खाली उतरला. हसता हसता लक्षात आलं, तिकडचं हसणं थांबलंय. नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाळा, कॅमेरा लाव बरं," बायको म्हणाली.

तिने लावला. डोळे सुजलेले. ती सूज आत्ताच्या रडण्याची नव्हती, जुनी होती.

मग ती सांगू लागली. सगळे वर्ग स्पॅनिशमध्ये, प्राध्यापक भरभर बोलतात, ग्रुपमधले विनोद तिला कळेपर्यंत संपलेले असतात. दिवसभर सगळ्याचं डोक्यात भाषांतर करून संध्याकाळी बोलायलाच नको वाटतं.

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"तुम्ही लगेच म्हणाला असता, ये परत. आणि मी आले असते, बाबा."

खरंच, ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. समोर लॅपटॉपवर विमानाच्या तिकिटांचं पानही उघडं होतं. कॉल सुरू होण्याआधीच मी ते उघडून ठेवलं होतं, लग्न झालं असेल तर जाऊन बघावं म्हणून. बायकोने ते पाहिलं आणि माझ्याकडे न बघता लॅपटॉपचं झाकण लावलं.

"यायचंय का परत?" मी विचारलं.

"नाही. टर्म पूर्ण करायचीय."

"मग?"

"नुसतं सांगायचंय."

"सांग."

"बाबा, मी खूप दमलेय हो."

मी "हं" म्हणालो. त्यानंतर काही बोलायचं नाही, हे मला फार जड गेलं. बायकोचा हात झाकणावरच होता.