ठुशीची दोरी

दवाखान्यात माझ्या पुढे दोनच बायका उरल्या होत्या तेव्हा नवऱ्याचा फोन आला. मी डॉक्टरांकडे असते तेव्हा संदीप कधी फोन करत नाही, म्हणून उचलला. तो एवढंच म्हणाला, "घरी ये. आक्का गेल्या." माझ्या मांडीवर रक्ताचा रिपोर्ट होता. थायरॉइडचा आकडा पहिल्यांदाच डॉक्टरांना हवा होता तिथं येऊन बसला होता, आणि कधी एकदा आक्कांना सांगते असं मला झालं होतं. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शालन त्यांचं नाव. महिनाभर त्या गडहिंग्लजला माहेरी विश्रांतीला गेल्या होत्या. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं. रिक्षा करून कळंब्याला घरी पोचले तर दारात शववाहिका उभी, आणि तिच्यावर कोल्हापुरातल्याच एका हॉस्पिटलचं नाव. मी बसले होते त्या दवाखान्यापासून चालत जाता आलं असतं असं ते हॉस्पिटल.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. अजून माणसं येतात, चहा घेतात, "देवमाणूस होत्या" म्हणतात. होत्याच. माझ्यावर आक्कांनी जेवढी माया केली तेवढी सख्ख्या बहिणीनंही केली नसती. पण मला त्यांचा राग आलाय आणि तो काही केल्या जात नाही. गेलेल्या माणसाविषयी असं लिहू नये म्हणतात. मग कुणाविषयी लिहायचं?

मी लग्न होऊन आले तेव्हा आक्कांच्या संसाराला बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. त्यांच्या वेळी सासूबाईंनी अंगारे-धुपारे केले, शाहूवाडीकडच्या कुठल्याशा भगताकडे नेलं, उपास करायला लावले. रक्त तपासावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आक्कांचा गळा तेव्हापासूनच जरा भरीव. गळ्यालगत बसणारी सोन्याची ठुशी त्या रोज घालायच्या, आणि बायका म्हणायच्या की ठुशी शोभावी तर शालनच्या गळ्यात. आम्ही सगळ्या कौतुकानं बघायचो. तो गळा भरीव का आहे, हा प्रश्न आमच्यातल्या एकीलाही पडला नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि मलाही काही होईना, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइडचा दोष निघाला आणि त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. संदीप रजा टाकायला निघाला तर आक्कांनी त्याला गप्प बसवलं. "तुझं काय काम तितं? बायकांच्या गोष्टी हायत. मी जातो हिच्यासंगं." तेव्हापासून प्रत्येक खेपेला त्या बरोबर. डॉक्टरीणबाई माझ्या वयाच्या, मोजकं बोलणाऱ्या. आक्का त्यांच्यासमोर पदर डोक्यावरून गळ्याभोवती घट्ट घेऊन बसायच्या आणि मला विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच द्यायच्या. झोप कशी, केस गळतात का, पाळी वेळेवर येते का... माझ्या शरीराची माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहिती असल्यासारखी.

गोळी सुरू होऊन कितीतरी महिने गेले तरी रिपोर्ट हलेना. डोस वाढवला, तरी तेच. शेवटी डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, गोळी नक्की घेता कशी? आक्का अभिमानानं म्हणाल्या, "रोज पाटंचं दूध कट्ट्यावर नेतो की हिला. समोर धार काढत्यात, फेसाचा पेला, त्याच्यासंगं गोळी. एक दिस चुकवला न्हाय." आमच्या कोल्हापुरात अंगात ताकद यायची तर म्हशीचं धारोष्ण दूध, याच्यापुढे कुणाचं शास्त्र चालत नाही. डॉक्टर आधी हसल्या, मग हात जोडले. दुधाबरोबर ही गोळी अंगी लागतच नाही, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग तासभर चहासुद्धा नाही, आणि दूध तर कितीतरी नंतर. शेवटी त्या जाता जाता म्हणाल्या, "आणि ताण घेऊ नका." डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात तसं.

मी रस्ताभर हसत होते. आक्का हसल्या नाहीत. "माझ्यापायी तुझं इतकं म्हैनं गेलं बघ," म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, म्हशीला काय ठाऊक! तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच. दुसऱ्या दिवसापासून उजाडायच्या आत तांब्याभर पाणी आणि गोळी घेऊन त्या माझ्या उशाशी हजर, आणि तास होईस्तोवर स्वयंपाकघरात चहाचं भांडं चढायचं नाही. घरातल्या पुरुषांनी कुरकुर केली तर, "तुमच्या च्यासाठी न्हाय, बाळासाठी थांबलोय आमी," असा दम. मला वाटायचं, केवढं नशीब माझं!

मग दवाखान्यातून येताना आक्का गुजरीत, सराफांच्या गल्लीत, थांबायला लागल्या. तिथल्या पटवेकऱ्याकडे ठुशी द्यायची, दोरी बदलून घ्यायची. "कच्ची झालीया," म्हणायच्या. तेवढा वेळ पदर गळ्याशी धरून उभ्या राहायच्या आणि मला समोरून उसाचा रस आणायला पाठवायच्या. मी जायचे. परत येईपर्यंत ठुशी गळ्यात. एकदा डॉक्टरांकडे माझं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, आमच्या गल्लीत एक बाई हाय, तिच्या नरड्याला गाठ आल्या. दुखत न्हाय, पन वाढत्या." डॉक्टर म्हणाल्या, लगेच घेऊन या त्यांना. "सांगतो की तिला," आक्का म्हणाल्या. रिक्षात मी विचारलं, कोण हो ही? "तू न्हाईस वळखत," म्हणाल्या आणि बाहेर बघायला लागल्या. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आठवणीनं विचारलं तर म्हणाल्या, ती गावाला गेलीय.

दर महिन्याला पाळी आली की मी आधी आक्कांना सांगायचे, मग नवऱ्याला. त्या म्हणायच्या, "आसूंदे. फुडच्या म्हैन्यात बघू." पुढंपुढं त्यांचा आवाज घोगरा येऊ लागला. घसा बसलाय म्हणाल्या, हळद-मीठ चाललं. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या, दात दुखतोय म्हणाल्या. मग माहेरी गेल्या. तिथून रोज सकाळी फोन, अगदी पुटपुटल्यासारखा. "घेतलीस गोळी? च्या न्हाय न्हवं पिलीस?" तो फोन हॉस्पिटलच्या खाटेवरून येत होता.

हे मला दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, दिवसकार्य उरकल्यावर सांगितलं. खुर्चीत मान खाली घालून बसले होते. "तिनं शपथ घातलीती मला. म्हनली, सुजाताला दिवस जाऊंदेत, मग दावतो मी डाक्टरला. आत्ता कळलं तर ती आपलं सोडून माझ्यामागं पळल, ताण घील, आन परत समदं बिघडल. एकदा दुधानं घात केलाय, आता माझ्यापायी न्हाय हुयाचं. घास उतरंना झाला तवा नेलं मी तिला हास्पिटलात, पर लई उशीर झालता." मी विचारलं, संदीपला माहीत होतं? दादांनी दाराकडे बघितलं. संदीप दारातच उभा होता, तो आत निघून गेला.

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. जेवताना, अंगणात बसताना, सणाला पुरणपोळ्या लाटताना हे सगळे माझ्याकडे बघत होते आणि वाट बघत होते. डॉक्टरांनी दुधासारखा ताणही वर्ज्य सांगितला, म्हणून आक्कांनी आपलं मरणसुद्धा माझ्या पथ्यात घालून टाकलं. आता ते "फुडच्या म्हैन्यात बघू" सारखं आठवतं. मला वाटायचं, त्या मला धीर देतायत. माझी पाळी आली की त्यांचा एक महिना जायचा, आणि तो महिना मोजायला त्यांनी मलाच बसवलं होतं, मला न विचारता. मला विचारलं असतं तर त्याच दिवशी हाताला धरून आत नेलं असतं. पेशंटची खुर्ची तर समोर होती!

परवा एकटीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलं विचारलं, "जाऊबाई नाही आल्या?" मी सांगितलं. त्यांनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "त्या गल्लीतल्या बाई..." मी म्हटलं, गल्लीत तशी कुणी नव्हती. लवकर आल्या असत्या तर? मी विचारलं. "तर बरंच काही करता आलं असतं," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसू लागल्या. रिपोर्ट चांगला होता. आता दिवस जायला हरकत नाही, म्हणाल्या.

मैत्रिणी म्हणतात, स्वतःला दोष देऊ नकोस. मी देतच नाही. मी आक्कांना देते. माझ्यासाठी जीव दिला म्हणून लोक त्यांना डोक्यावर घेतात, पण तो जीव मी मागितला होता का? मला बाळ हवं होतं. पण आक्काही हव्या होत्या, आणि दोन्ही हवं म्हणायची संधी त्यांनी मला दिली नाही. आक्का, तुम्ही मला फसवलंत.

ठुशी दादांनी माझ्या हातात ठेवली. तिची इच्छा होती, म्हणाले. या महिन्यात पाळी आली त्या दिवशी सवयीनं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, सांगायला. तिथं कुणी नव्हतं. मग आत येऊन कपाटातून ठुशी काढली आणि पहिल्यांदा गळ्यात घातली. गळ्यालगत बसणारा दागिना तो, माझ्या गळ्यावरून घसरून खाली आला. दोरी नवी, पिळाची, आणि कितीतरी लांब सोडलेली. मी आरशासमोर उभी राहून गळा आणि ठुशी यांच्यामध्ये बोटं घातली. चारही बोटं सहज गेली. संदीप मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, दोरी आवळून घेऊ या, गुजरीत जाऊन. मी नको म्हटलं. एवढी मोठी गाठ होती, आक्का... आणि तुम्ही मला रस आणायला पाठवत होतात.