जुनीले पुसायचं काय?

पन्नाशीच्या पुढचं माणूस कॉम्प्युटर शिकायला आलं की माझं डोकं फिरायचं. आज हे सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावी, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं सेंटर होतं. तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि बाहेर ‘इंटरनेट मिळेल’ अशी पाटी. २००३ च्या मे महिन्यात, भर दुपारी, कापसाचे व्यापारी प्रभाकरराव यांच्या पत्नी सुलोचनाबाई आत आल्या, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “प्रफुल, मले ईमेल शिकव. देवेंद्र फोटो पाठवून राह्यला.”

देवेंद्र हा त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. फोटो त्याच्या साखरपुड्याचे. मुलगी आंजी गावची, नाव गुंजन. सुलोचनाबाई माउस असा घट्ट धरायच्या, की सोडला तर पळून जाईल. पण ईमेल त्यांना आठ दिवसांत आलं. मी म्हटलं, सुटलो. कसचं काय! त्यांची नजर शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या गेमवर गेली होती.

कोणीतरी नागपूरहून आणलेली ती सीडी. गोष्ट अंतराळातली. एक इंजिनीअर बाई यानातून ग्रहाग्रहांवर जाते. माणसाचं शरीर तिथे टिकत नाही, म्हणून यानातलं मशीन तिच्या डोक्यातलं सगळं उतरवून घेतं. आठवणी, भीती, आवडीनिवडी, सगळं. ते त्या ग्रहाला सोसेल अशा नव्या शरीरात भरतं आणि तिला नवं नाव देतं. मग पडद्यावर प्रश्न येतो. इंग्रजीतच, पण सुलोचनाकाकूंसाठी मी मोठ्याने मराठी करायचो. घाईत म्हणालो, “जुनीले पुसायचं काय? हो की नाई?”

“म्हणजे काय, पुसलंच पाहिजे!” असं म्हणून काकूंनी ‘हो’ दाबलं.

जुनी बाई पडद्यावरून नाहीशी झाली. काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “अरे, गेली कुठी ते?”

“पुसली ना काकू.”

“मी तिले विचाराले सांगतलं! तू तर मारूनच टाकली!”

आता यात चूक कोणाची? आमच्याकडे पाटी पुसतात आणि वाट चुकली तर रस्ताही पुसतात. काकूंनी पुसणं म्हणजे विचारणं धरलं, मी मिटवणं धरलं. मी पोट धरून हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मला गेम पहिल्यापासून लावायला लावला. प्रश्न परत आला, तेव्हा मी स्वच्छ शब्दांत सांगितलं, “जुनी मिटवून टाकायची का?” त्यांनी ‘नाही’ दाबलं.

माझ्या सेंटरवर चाळीसएक जणांनी तो गेम खेळला असेल. त्या प्रश्नापाशी क्षणभरही कोणी थांबलं नव्हतं. कारण ‘नाही’ म्हटलं की खेळाचं वाटोळं व्हायचं. यानातली हवा दोघींना वाटून द्यावी लागे, इंधन निम्म्यावर येई आणि एकाच व्यक्तीच्या दोन प्रती चालू आहेत म्हणून मशीन सारखं बोंबलत राही. पोरांनी चार दिवसांत संपवलेला गेम काकू दिवाळी आली तरी तिसऱ्याच ग्रहावर खेळत होत्या. जुनीला त्यांनी इंजिनावर लक्ष ठेवायला बसवलं होतं. “रिकामी बसली तर मन खाते,” म्हणाल्या.

एकदा माझा संयम सुटला. “काकू, जुनीचं सगळंच्या सगळं नवीत आलं. आठवणीसुद्धा. मग ती तीच झाली ना? नुकसान कोणाचं झालं?”

त्यांनी झेरॉक्सच्या मशीनकडे बोट दाखवलं. “झेरॉक्स काढल्यावर तू ओरिजिनल फाडतं काय?”

“नाई.”

“काऊन नाई? सगळं तर उतरलं ना त्याच्यात.”

काकू पुढे म्हणाल्या, “नवीले आठवण आली, चांगलं झालं. पण जुनीची आठवण कोणी काढून घेतली काय? ते तिच्यापाशी हायेच ना? मंग मिटवली तर तेच मरंन. नवी कायले मरंन?”

मी बी.एस्सी. झालेला माणूस. लाइट जायची वेळ झाली असं सांगून कॉम्प्युटर बंद केला. पण त्या दिवसापासून काकू यायच्या वेळेला मी खुर्चीवरची धूळ झटकून ठेवू लागलो. त्या आल्या नाहीत तर दुपार सुनी वाटायची, हे आता कबूल करतो.

नोव्हेंबरमध्ये एक दिवस त्या आल्या आणि नुसत्याच बसल्या. गेम लावू का विचारलं, तर नको म्हणाल्या. प्रभाकररावांची थोरली बहीण रुख्माबाई लग्नासाठी येऊन राहिली होती. तिने आणि प्रभाकररावांनी मिळून सुनेचं सासरचं नाव ठरवलं होतं, शरयू. लग्नाच्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला ताटातल्या तांदळात नवरा अंगठीने ते लिहिणार, पेढे वाटले जाणार आणि गुंजन संपणार.

“शरयू चांगलंच आहे की,” मी म्हणालो.

“चांगलं हाय. पण तिले पुसलं कोणी?”

“काकू, सगळ्या बायांचं बदलते. तुमचंबी बदललंच असंल.”

“बदललं,” त्या म्हणाल्या. आधीचं काय होतं ते विचारलं, तर कायले पाहिजे तुले, म्हणाल्या. पिशवी उचलली आणि दारात थांबल्या. “घरी बोलली मी. हे म्हणतात, सुनेले काय पुसायचं असते! आता चार लोकाईत बोला लागंन. बत्तीस वर्सांत मी चार लोकाईत नाई म्हटलं नाई, प्रफुल. जीभ उचलंन की नाई, माहीत नाई. अन् नाई उचलली, तर पोरगी गेली.”

डिसेंबरात लग्न झालं. संध्याकाळी वरात सिंदीला परत आली. लक्ष्मीपूजनाला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी दाराशी उभा होतो. गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे सरकवलं. देवेंद्रने अंगठी हातात घेतली. रुख्माबाईंनी पेढ्यांचा डबा उघडला.

“थांबा,” सुलोचनाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की निम्म्यांना ऐकूच गेला नाही. मग दुसऱ्यांदा, मोठ्याने, “थांब देवेंद्र. गुंजन, तुले नाव बदलायचं हाय काय?”

गुंजन मुंडावळ्या बांधून मान खाली घालून बसली होती. ती काय बोलणार! प्रभाकरराव उगाच खाकरले.

“पाह्य, चूप हाय,” रुख्माबाई म्हणाल्या. “चूप म्हणजे हो. लिही रे देवेंद्र.”

“चूप म्हणजे चूप,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “मीबी चूपच होती ताई.”

वातावरण सैल करावं म्हणून असेल, प्रभाकरराव हसत पाहुण्यांना सांगू लागले. “हिची तर वेगळीच गंमत. लग्न झालं अन् आठ दिवस आम्हाले वाटे, सून बहिरी हाय! मायनं सुलोचना, सुलोचना म्हणून हाका माराव्या, हे ढिम्म. आखरी मी वर्धेले कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलतो. डॉक्टर म्हणे, कान ठणठणीत!” सगळं घर हसलं. मीही हसलो.

“कान चांगलेच होते,” सुलोचनाबाई शांतपणे म्हणाल्या. “नलू म्हणून बोलावलं असतं, तर पहिल्याच हाकेले आली असती.”

हसू जिथल्या तिथे थांबलं. प्रभाकरराव बायकोकडे पाहत राहिले. बत्तीस वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झालेली ती गंमत बिचाऱ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पुरती ऐकू आली असावी. रुख्माबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

मग मुंडावळ्या हलल्या. गुंजनने मान वर केली, सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, “आई, मले गुंजनच राहू द्या.”

देवेंद्रने वडिलांकडे पाहिलं. प्रभाकरराव ताटाशी खाली बसले, ताटातले तांदूळ तळहाताने सारखे केले आणि म्हणाले, “लिही. सूनबाई काय म्हणते, आयकलं ना?”