कडक क्लच आणि सर्जापूर रोड

मंडळी, डावा पाय अजून थरथरतोय.

ड्रॅग रेसमध्ये माझ्या गाडीचा क्लच जळला. आता रेसिंगचा कडक क्लचच हवा, असा हट्ट धरला. मेकॅनिक मंजुअण्णा म्हणाले, "माझ्या गाडीत तोच आहे. ऑफिसच्या वेळेला सर्जापूर रोडला एक चक्कर मारून या, मग बोलू."

ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो! पाय जरा सैल सोडला की गाडी उडी मारायची. पोटरीत गोळा आला, पण बाजूला घ्यायलाही जागा नाही.

परत आल्यावर अण्णा हसले. "सरी, ठीक आहे, मग साधाच बसवू ना?"

रेसचा पहिला झटका आठवला आणि तोंडातून निघून गेलं, "कडकच."

खरा अडकलोय आता. त्याच रस्त्यानं रोज ऑफिसला माझी ही गाडी बायको नेते. तिला कसं सांगू?