काकाच्या सत्काराला वडिलांचा आवाज

माझ्या काकाचा सत्कार ठरला तेव्हा मीही ठरवलं, या माणसाला भर मंडपात उघडं पाडायचं. लालबागच्या आमच्या चाळीत दसऱ्याच्या संध्याकाळी त्याला शाल मिळणार होती. कारण काय, तर संपात शेवटपर्यंत टिकलेला गिरणी कामगार! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

टिकले होते माझे वडील. दोघे भाऊ एकाच खात्यात, मागावर. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नसे, म्हणून विणकर नुसत्या ओठांनी बोलत. हे दोघे घरीसुद्धा समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून तसंच बोलायचे. ती भाषा मी लहानपणीच उचलली. संपात काका गुपचूप कामावर गेला आणि सभा भरवणाऱ्यांची नावं साहेबाला देऊन आला. त्यात सख्ख्या भावाचंही होतं. वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. त्यानंतर दोघांचं बोलणं कायमचं बंद झालं.

जाण्याआधी वडिलांनी हे एकदाच सांगितलं आणि मी लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. दुसरी प्रत काढायची राहून गेली. तेच मला आता सगळ्यांसमोर वाजवायचं होतं.

गाढवपणा माझाच. सत्काराच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला सकाळी, लॅपटॉप कधीपासून मागत होता ते नवं व्हर्जन टाकायला लावलं आणि अंघोळीला गेले. बाहेर येते तो लॅपटॉप पाटावर, झाकणाला कुंकू, वर झेंडू. बॅटरी मेलेली, म्हणजे तो वायरवरच चालायचा. वायर आईने काढली होती.

“अगो, चालू मशिनीक हळद-कुकू लावतत काय?” ती म्हणाली. तिचंही बरोबर होतं, गिरणीत माग थांबवूनच पूजा व्हायची. तरी मी तिच्यावर ओरडले. आत काय होतं ते कळल्यावर तिने घाईने वायर पुन्हा लावली. नवऱ्याचा आवाज तेवढाच उरला होता.

लॅपटॉप काळ्या पडद्यापुढे सरकेना. तसाच कुंकवासकट दादरला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. आई हट्टाने बरोबर आली.

“सिस्टम गेली, ताई. डिस्क काढून बघतो, फाइल्स वाचल्या असतील.” त्याने डिस्क स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली, बराच वेळ शोधलं आणि एक फाइल लावली. दुकानात वडील खोकले, मग बोलू लागले. आईने तोंडाला पदर लावला. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “वाजय उद्या.”

दुरुस्तीवाल्याने दुपारपर्यंत सिस्टमही नव्याने टाकून दिली.

दसऱ्याला काकाच्या खांद्यावर शाल पडली आणि मी माइक लॅपटॉपपुढे धरला. “साहेबाक माझा नाव माझ्याच भावान दिल्यान.” मंडपातले सगळे काकाकडे वळले. तो मात्र हसत बसलेला. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान कधीच खाल्ले होते, रागाच्या भरात मी ते विसरलेच होते.

“काय सांगता गो ह्या?” लॅपटॉपकडे बोट करून त्याने मला विचारलं. लोकांनी माना खाली घातल्या.

इतकी वर्षं वाट पाहिली आणि याला ऐकूच गेलं नाही! मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सांगितलं, तुझा दादा बोलतोय. मग वडिलांचं वाक्य, जसंच्या तसं.

त्याचं हसू गेलं. त्याचेही ओठ हलले, तसेच, आवाजाविना. पुन्हा सांग, म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. आणखी सावकाश.